व्यायामशाळेतलं आत्मयंत्र

दर गुरुवारी संध्याकाळी पाचच्या ठोक्याला लालबागच्या त्या जुन्या व्यायामशाळेत मेलेली माणसं बोलायला येत. चारला येत नसत, कारण चारला महाराज झोपलेले असत. सातनंतर येत नसत, कारण सातला तिथे झुंबाचा क्लास असे. परलोकाने ही वेळ बिनतक्रार मान्य केली होती.

एके काळी इथे गिरणीतली पोरं जोर-बैठका मारायची. भिंतीवर रंगवलेला पैलवान अजून मिशीला पीळ देऊन उभा होता. त्याच्या पायाशी चौरंग, चौरंगावर जरीचं कापड आणि कापडावर आत्मयंत्र. आत्मयंत्र म्हणजे शाळेच्या वहीएवढं काळं खोकं. वर राखाडी रबराची बटणं, पाठीमागे झेंडूचा मनगटाएवढा जाड हार आणि शेजारी पोट सुटलेला जुना टीव्ही. समोर दीडशे माणसं. त्यांतली निम्मी मोबाइलवर चित्रण करत होती आणि निम्मी त्यांना 'मोबाइल खाली कर रे, दिसत नाही' असं सांगत होती.

"भक्तांनो!" श्री बिंदुनाथ महाराजांनी हात वर केला. अंगात रेशमी झब्बा, कपाळावर गंधाचे दोन ठिपके. एक शून्याचा, एक एकाचा. "हे यंत्र कोणत्या सालचं?"

"चौऱ्याऐंशी!" गर्दीला पाठ होतं.

"एकोणीसशे चौऱ्याऐंशी! तेव्हा इंटरनेट होतं?"

"नव्हतं!"

"वायफाय होतं? मोबाइल होता?"

"नव्हता!"

"मग या यंत्रात फसवणूक शिरेल कुठून? पुढून वायर फक्त टीव्हीला, मागून वायर फक्त विजेला. अहो, जगात आहे काय? शून्य आणि एक. शून्य म्हणजे निर्गुण, एक म्हणजे सगुण. सगळी कॉम्प्युटरविद्या आपल्या ऋषींकडे होती. फक्त प्लग नव्हता!"

टाळ्या पडल्या. प्लग नसल्याबद्दल पुढच्या रांगेतल्या दोघांनी मनापासून हळहळ व्यक्त केली.

सर्वांत मागे, मुद्गल ठेवायच्या कोपऱ्यात, सुरुची पेडणेकर हाताची घडी घालून उभी होती. वय एकेचाळीस, नोकरी एका विमा कंपनीच्या संगणक विभागात, आणि आजची अर्धी रजा 'घरगुती कारण' म्हणून टाकलेली. घरगुती कारण पहिल्या रांगेत बसलं होतं. तिचे वडील, अण्णा.

अण्णा म्हणजे सीताराम पेडणेकर. चौतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत कारकून. कागदावाचून त्यांनी कधी कुणाला जन्मलेलं मानलं नाही की मेलेलं मानलं नाही. मयताचं नाव आधारकार्डावर एक आणि रेशनकार्डावर दुसरं असेल, तर 'नक्की कोण वारलंय ते घरी ठरवून या' असं सांगून ते माणसं परत पाठवत. असा हा माणूस गेले चार गुरुवार टीव्हीसमोर हात जोडून बसत होता.

कारणही तसंच होतं. अण्णांच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. परळच्या रुग्णालयातल्या डॉक्टर प्रिती गायकवाड यांनी बायपासची तारीख दिली होती. येत्या सोमवारनंतरचा सोमवार. लांबवू नका, म्हणाल्या होत्या, चालताचालता कोसळाल. पण दोन वर्षांपूर्वी अण्णांची बायको नलू एका ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नव्हती, आणि त्या ऑपरेशनच्या संमतिपत्रावर सही होती अण्णांची. 'सही माझी होती' हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी बोलत. कधी चहा पिताना, कधी चपला घालताना. आता दुसऱ्या संमतिपत्रावर सही करायची वेळ आली होती, आणि ती करावी की नाही, हे ते नलूला विचारणार होते.

"सीताराम पेडणेकर!" महाराजांनी पुकारा केला. "आपल्या धर्मपत्नी आल्या आहेत."

टीव्हीची कड तांबडी झाली, मग पिवळी, मग निळी. 'टुंऽ' असा बारीक आवाज आला आणि काळ्या पडद्यावर अक्षरं उमटू लागली. एकेक. थरथरत.

*सीताराम. मी नलू. छातीला सुरी लावू देऊ नका. सही करू नका. अकरा गुरुवार तीर्थ घ्या. काळजी करू नका.*

"नावासकट आलं!" कुणीतरी ओरडलं. अण्णांचे खांदे हलू लागले. शेजारच्या राधाबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्या पेडणेकरांच्याच मजल्यावरच्या, आणि इथल्याही नेहमीच्या. त्यांचे दिवंगत यजमान राजाराम गेले आठ गुरुवार यंत्रात येऊन त्यांची विचारपूस करत होते. हयातीत त्यांनी ती कधी केली नव्हती, हाच राधाबाईंच्या दृष्टीने सर्वांत मोठा चमत्कार.

सुरुची मात्र पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होती. 'काळजी'तल्या ळ ला डावीकडचा डोळा अर्धाच होता.

तो ळ तिचाच होता.

सुरुचीला एक छंद होता. बाकीच्या बायका माळ्यावरून पितळेची भांडी काढून चिंचेने घासतात, तशी ही जुने होम कॉम्प्युटर मिळवून घासायची. बंद पडलेले चालू करायची, आणि मग त्यांना आजच्या काळातली, नखाएवढ्या मेंदूची मायक्रोकंट्रोलरची पट्टी जोडायची. चाळीस वर्षांपूर्वीच्या खोक्याने कालच्या क्रिकेटचा स्कोअर दाखवला की तिला मोक्ष मिळायचा. एका दिवाळीच्या सुट्टीत तिने आलेखाच्या कागदावर सोळा आडवे, सोळा उभे ठिपके मांडून अख्खी मराठी बाराखडी काढली होती. ळ ला ठिपके पुरले नाहीत, म्हणून त्याचा डावा डोळा अर्धा ठेवला होता. मग ती बाराखडी, ती तीन रंगांची कड, तो 'टुंऽ', सगळा प्रोग्राम तिने छंदिष्टांच्या ऑनलाइन मंडळात फुकट टाकला होता. घ्या बाबांनो, वापरा.

बाबांनी वापरला होता.

तिला आठवलं. मंडळात 'साधक' नावाचा कुणी शंका विचारायचा. 'मॅडम, अक्षरं एकदम न येता थोडी थरथरत आली तर?' तिने विचारलं होतं, कशाला? 'आजोबांच्या आठवणीसाठी.' तिला गहिवरून आलं होतं. दोन रविवार बसून तिने ती थरथर घालून दिली होती. आता त्या थरथरीने दीडशे माणसं रडत होती, आणि त्यांतले एक तिचे वडील होते.

घरी परतताना जिन्यावरच सुरुवात झाली.

"अण्णा, ती आई नव्हती. तो माझा प्रोग्राम आहे."

"तुझा कसा असेल? तू मागे उभी होतीस."

"आणि आईने तुमचं नाव घेतलं कधी? बँकेत नवऱ्याचं नाव विचारलं, तर फॉर्मवर बोट ठेवायची ती. आयुष्यभर 'अहो'. आणि इथे एकदम 'सीताराम'?"

अण्णा दोन पायऱ्या थांबले. श्वास घ्यायला आणि विचार करायला. "वर गेल्यावर कसली लाज? तिथे काय सासूबाई ऐकतायत?"

"सासूबाई तिथेच आहेत, अण्णा. त्या आईच्या आधी गेल्या."

यावर अण्णा कठड्याला धरून पुढची पायरी चढले. "आणि फणसाची भाजी? मागच्या गुरुवारी तिने स्वतः लिहिलं, फणसाच्या भाजीची आठवण येते. ते कुणाला ठाऊक होतं?"

"तुम्ही महाराजांना काही लिहून दिलंय का?"

"छे! नेहमीचाच अर्ज. स्मरण-अर्ज. आत्मा शोधायला सोपं जावं म्हणून."

नेहमीच्या अर्जात बावीस रकाने होते. नाव, वय, आजार, आवडता पदार्थ, अखेरचे शब्द, सध्याची अडचण. बाकीचे भक्त चार रकाने भरून सुटत. अण्णांना अर्ज दिसला की अर्धवट सोडवत नसे. त्यांनी बावीसच्या बावीस भरले, जागा अपुरी पडली तिथे 'मागील पृष्ठ पाहावे' लिहिलं, आणि मृत्यूच्या दाखल्याची साक्षांकित प्रत जोडली. मग चार गुरुवार आपलाच अर्ज पडद्यावर वाचून ते थक्क होत होते.

दुसऱ्या दिवशी सुरुचीने माळ्यावरून स्वतःचं खोकं उतरवलं. रबराची बटणं तीच, कड तीच. जेवणाच्या टेबलावर ते मांडलं, मागे पट्टी लावली, मोबाइल उघडला आणि अण्णांना समोर बसवलं. चहासाखर मागायला आलेल्या राधाबाई तिथेच टेकल्या.

"बघा हं." तिने मोबाइलवर टाइप केलं. टीव्हीची कड रंगली, टुंऽ वाजलं, आणि अक्षरं थरथरत उमटली: *अण्णा, औषध घेतलंत का?*

राधाबाईंनी दोन्ही हात कपाळाला लावले. "गे माज्या बाय! तुज्याकडे पण येता?"

"येत नाही हो, मी लिहितेय. हे बघा, या मोबाइलवरून."

"तां सगळा खरा. पण आमच्या घोवाक हय बोलावशील? थंय लय गर्दी आसता."

"राधाकाकू, मी लिहितेय!"

"लिव गो तू. निमित्त कोण तरी लागताच." आणि राधाबाई घरी जाऊन नवऱ्याच्या नावाने जास्वंदीचं फूल घेऊन आल्या. सुरुची 'नको नको' म्हणेपर्यंत ते फूल एका चांगल्या चालणाऱ्या होम कॉम्प्युटरच्या बटणांवर जाऊन बसलं. संध्याकाळपर्यंत मजल्यावरच्या तीन बायका दर्शन घेऊन गेल्या. एकीने मुलाच्या बारावीचं विचारलं. भोंदूगिरी उघडी पाडायला निघालेल्या सुरुचीच्या घरी तिची शाखा निघाली.

अण्णांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि मग चष्मा पुसत विचारलं, "सुरुची, तू खोटा दाखला तयार करू शकतेस का?"

"म्हणजे?"

"शिक्का, सही, सगळं. करू शकतेस. मी चौतीस वर्षांत ढीगभर खोटे दाखले पकडलेत. पण म्हणून खरा दाखला नसतोच, असं होतं का? तुझं यंत्र तू चालवतेस हे सिद्ध झालं. त्यांचं यंत्र कोण चालवतं ते कुठे सिद्ध झालं?"

पंचाईत अशी की मुद्दा बरोबर होता. नेमका चुकीच्या बाजूने आला होता, एवढंच.

"मग त्यांच्याच यंत्रावर दाखवलं तर?"

"तर बघू," अण्णा म्हणाले. "तोपर्यंत सही नाही."

पुढचा गुरुवार उजाडला. सोमवारी भरती. हातात चार दिवस.

व्यायामशाळा गच्च भरली होती. अण्णा पहिल्या रांगेत, एका बाजूला राधाबाई, दुसऱ्या बाजूला या वेळी सुरुची. आतल्या छोट्या खोलीच्या दाराला पडदा होता. पडद्याआड महाराजांचा मेव्हणा अभय बसलेला असे. पन्नाशीचा, ढेरपोट्या, गेलं वर्षभर मौनात. मौनात असल्यामुळे त्याला जप मोजायला मोबाइल लागतो, असं महाराज सांगत. वर्षभरात त्याचा जप झाला असेल नसेल, अंगठे मात्र चांगलेच तयार झाले होते.

महाराजांचं शून्य आणि एक चालू झालं. सुरुचीने पदराआड मोबाइल उघडला आणि आसपासच्या वायफायची यादी काढली. झुंबा क्लासचं एक, समोरच्या डॉक्टरांचं एक, आणि तिसरं: 'सुरु-४८'.

तिला हसावं की रडावं कळेना. छंदिष्टांना समजावं म्हणून नमुन्यात तिने स्वतःचं नाव आणि खोक्याच्या अठ्ठेचाळीस केबी मेमरीचा आकडा घातला होता, आणि शेजारी ठळक अक्षरांत लिहिलं होतं की नाव आणि पासवर्ड वापरण्यापूर्वी बदलावा. 'साधक' महाशयांनी एवढी साधनाही केली नव्हती. एक ते आठ आकडे ओळीने दाबताच दार उघडलं. लोकांना फसवायचं म्हटलं तरी सूचनांच्या चार ओळी वाचाव्या लागतात, पण आळस माणसाला धड लबाडही होऊ देत नाही.

"सीताराम पेडणेकर! धर्मपत्नी हजर आहेत."

सुरुचीने मोबाइल अण्णांच्या मांडीवर ठेवला. "अण्णा, तुम्ही लिहा."

"मी? काय लिहू?"

"काहीही. कुणाला सांगू नका, मलाही दाखवू नका."

रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्राखाली 'शुभ प्रभात' लिहून सत्तर जणांना पाठवायचा अण्णांचा सराव होता. त्यांनी तर्जनीने एक अक्षर दाबलं.

पडद्यावर कड रंगली. टुंऽ. *न*

अण्णांचं बोट थांबलं. पडदाही थांबला. अण्णांनी बोटाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. मग दाबलं.

*नलू*

"आल्या! नाव सांगतायत!" महाराज कडाडले.

*फणस*

"फणस! पाहा, काय बोलल्या! बाहेरून काटे, आतून गरे. हेच संसाराचं रूप, भक्तांनो!"

फणसाची भाजी अर्जात कितव्या रकान्यात लिहिली होती, ते अण्णांना आठवलं. *रकाना क्रमांक एकोणीस*

"एकोणीस!" महाराज क्षणभर अडखळले, पण धंद्यात मुरलेला माणूस. "एक आणि नऊ. एक म्हणजे परब्रह्म, नऊ म्हणजे नवविधा भक्ती. आणि रकाना म्हणजे… देह! देह हा रकानाच आहे!"

गर्दीने मान डोलावली. देह हा रकाना असल्याचं अनेकांना आधीपासून वाटत असावं.

अण्णांचं बोट मोबाइलवर तसंच तरंगत राहिलं. बराच वेळ. सुरुचीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग हळूहळू, एकेक अक्षर करत, पडद्यावर उमटलं:

*तुमची चूक नव्हती*

मागून हुंदका आला. मग दुसरा. राधाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "रडू नको रे सीतारामा, बायलेन माफ केल्यान तुका."

पण अण्णा रडत नव्हते. दोन वर्षं हे एक वाक्य ऐकायला त्यांचा जीव तरसला होता, आणि ते आता समोर वीतभर अक्षरांत लखलखत होतं. फक्त ते लिहिणाऱ्या बोटाला अजून सकाळच्या जमाखर्चाच्या वहीची शाई लागलेली होती. नलूच्या बोटाला कधी शाई लागत नसे. हळद असे.

त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. *ऑपरेशन करून घ्या. सही करा.*

महाराजांच्या तोंडचं पाणी पळालं. "हे… याचा अर्थ वरवर घेऊ नका! ऑपरेशन म्हणजे अहंकाराचं ऑपरेशन. सही म्हणजे… सही म्हणजे शरणागती…"

तेवढ्यात आतल्या खोलीचा पडदा फाटकन बाजूला झाला आणि वर्षभराचं मौन सुटलं.

"दाजी! मला बाहेर फेकलंय! दुसरंच कुणीतरी आत शिरलंय! लिहितोय ते जातच नाही!"

सुरुचीच्या प्रोग्रामात एका वेळी एकालाच जागा होती. नवा आला की जुना बाहेर. मेव्हणा बाहेर पडला होता, शब्दशः.

अण्णा उठून उभे राहिले. मोबाइल वर धरला. "हे सगळं मी लिहिलंय. आत्ता. या बोटाने."

सत्य समोर आल्यावर लोक ते मान्य करतात, असा एक गोड समज आहे. गर्दीतून आवाज आला, "अण्णांच्या अंगात आल्या!"

"इली रे, इली!" राधाबाई हात जोडून वाकल्या.

"राधाबाई, वाकू नका, धरा." अण्णांनी मोबाइल त्यांच्या हातात कोंबला. "तुम्ही लिहा."

"माका खंय येता?"

"राजारामच्या नावाने काय वाटेल ते लिहा. फक्त तुम्हा दोघांनाच माहीत असलेलं."

राधाबाईंनी चष्मा नाकावर ओढला. त्यांना अक्षरं शोधायला वेळ लागला. दीडशे माणसं श्वास रोखून टीव्हीकडे बघत होती, आणि महाराज बाहेरच्या दाराकडे. टुंऽ झालं.

*मेल्या सोलकडी सांडलस*

राधाबाईंनी पडदा वाचला. मोबाइल वाचला. परत पडदा वाचला. मग मोबाइल अण्णांकडे देऊन त्या बिंदुनाथ महाराजांकडे वळल्या. त्यांचा आवाज पार लालबागच्या पुलापलीकडे गेला असेल.

"मेल्या! आठ गुरुवार मी माज्या घोवाच्या नावान तुज्या मेव्हण्याशी बोललंय? थंय तो माका 'कशी आसस राणी' म्हणी! माका तवाच संशय येवक् व्हयो हुतो. माजो घोव असा कदी बोलाचोच नाय!"

पहिलं हसू कुणाला फुटलं ते सांगता येत नाही, पण त्यानंतर महाराजांना शून्यही सापडेना आणि एकही.

सुरुची चौरंगाकडे गेली. कुणी अडवलं नाही. तिने झेंडूचा हार उचलला. खोक्याच्या मागच्या खाचेत अंगठ्याएवढी हिरवी पट्टी खोचलेली होती आणि पट्टीवर एक निळा दिवा निवांत लुकलुकत होता. सगळा परलोक तेवढ्यात मावत होता.

"जवळ या, बघा," ती म्हणाली. "हे खोकं खरंच चौऱ्याऐंशीचं आहे. बिचारं प्रामाणिक आहे. त्याला वायफाय काय ते ठाऊक नाही, महाराज तेवढं खरं बोलले. पण मागे ही पट्टी लावली की काम झालं. ही स्वतःचं छोटं वायफाय सोडते. मोबाइलवरून लिहिलेली अक्षरं ही घेते, आपल्याजवळ ठेवते, आणि खोकं विचारेल तसं एकेक अक्षर त्याला देते. खोकं पाच व्होल्टवर बोलतं आणि पट्टी जेमतेम सव्वातीन. म्हणून मध्ये हा छोटा तुकडा आहे. सासरा तारस्वरात बोलतो आणि सून हळू बोलते, म्हणून मधल्या जावेने निरोप पोचवावा तसा. नाहीतर पट्टी जळेल. यात आत्मा कुठेच नाही. लिहिणारा हवा. तो आतल्या खोलीत होता."

"पण आमच्या घरच्या गोष्टी?" एकाने विचारलं. स्वर दुखावलेला होता.

"अर्जात काय काय लिहून दिलंत?"

त्याने रकाने आठवले आणि तो खाली बसला.

"थरथर मात्र माझी आहे," सुरुची पुढे म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला. "हा प्रोग्राम मी लिहिला. कशासाठी हवाय ते नीट विचारायला हवं होतं. तेवढी चूक माझी."

महाराज दरम्यान रेशमी झब्ब्यासकट पसार झाले होते. मेव्हणा तेवढा सापडला, कारण त्याला चपला सापडल्या नाहीत. पुढे पोलीस ठाण्यात अर्ज झाला. तो लिहायला अण्णाच बसले, त्यामुळे सोबत अकरा जोडपत्रं गेली. मागच्या रांगेतला एक सद्गृहस्थ मात्र सुरुचीला गाठून कानाशी म्हणालाच, "मॅडम, ते खोटे होते ते कळलं. पण तुमचं कुठल्या वारी असतं?"

सोमवारी सकाळी रुग्णालयात डॉक्टर प्रिती संमतिपत्र घेऊन आल्या. अण्णांनी ते पहिल्या ओळीपासून वाचलं. बारीक टाइपसुद्धा.

"डॉक्टर, मी वाचेन याची खात्री देता?"

"नाही, काका." डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. "तुमच्या वयाच्या, तुमच्यासारख्या शंभरांपैकी दोन-तीन जण वाचत नाहीत. तुम्ही त्यांतले असाल का, ते मला सांगता येणार नाही. न केलं तर धोका किती, तो हा कागद. कसा काढला, तेही लिहिलंय. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं असेल तर दाखवा."

"माझी बायको ऑपरेशनमध्येच गेली. मी सही केली होती."

"त्यांचे कागद सुरुचीताईंनी मला दाखवले," डॉक्टर म्हणाल्या. "जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. ऑपरेशन केलं नसतं, तरी त्या दोन दिवसांत गेल्या असत्या. हे माझं मत आहे. कागद तुमच्याकडेच आहेत, तुम्हीही वाचा."

अण्णा सुरुचीकडे वळले. "अकरा गुरुवारात तो महाराज एकदाही 'मला माहीत नाही' म्हणाला नाही, लक्षात आलं तुझ्या?"

"पाचच गुरुवार झाले होते, अण्णा."

"पाच तर पाच. ही बाई पाच मिनिटांत म्हणाली."

वाचकहो, यापलीकडे सांगण्यासारखं फारसं नाही. चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी पाठीमागचा हार उचलून बघा. बघू देत नसतील, तर उत्तर मिळालंच. मेलेल्या माणसाचा निरोप आला तर लिहितंय कोण ते विचारा, आणि आपणच लिहून दिलेलं आपल्याला परत वाचून दाखवत नाहीत ना, तेही विचारा. दुःख खरं असतं, म्हणून त्यावर मिळणारा प्रत्येक दिलासा खरा ठरत नाही. आजाराला डॉक्टर, शंकेला पुरावा, आणि पुरावा नसेल तिथे 'माहीत नाही' एवढं बोलण्याची हिंमत. बस्स. याला कुठलंही यंत्र लागत नाही, आणि हे आठवड्याचे सातही वार चालतं.

अण्णांनी पेन मागितलं. नाव, दिनांक, वेळ आणि खाली सही. मग ते कागद डॉक्टरांकडे सरकवत म्हणाले, "याची एक प्रत मला द्या."